टॉमकॅट पुरेल की वेबलॉजिक लागेल? आधी वॉर फाइल उघडून बघा

जावाच्या वेब ॲप्लिकेशनची वॉर फाइल म्हणजे मुळात झिप फाइल. नावाच्या शेवटी वॉरऐवजी झिप लिहिलं की कुठल्याही साध्या साधनाने उघडते. आत 'वेब-इन्फ' नावाचं फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात 'लिब'. कोणता ॲप्लिकेशन सर्व्हर (ज्याच्या आत असं ॲप्लिकेशन चालतं ते सॉफ्टवेअर; टॉमकॅट आणि वेबलॉजिक ही त्यातलीच नावं) घ्यायचा यावर मीटिंगा झडायला लागल्या की मी आधी हे लिब फोल्डर उघडतो. त्यात स्प्रिंगचे पंधरा-वीस जार (जार म्हणजे तयार जावा कोडचं गाठोडं), हायबरनेट, हिकारीचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा), जॅक्सन, लॉगिंगची लायब्ररी असं तयार लायब्रऱ्यांचं सगळं बिऱ्हाड सापडलं, तर प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. हे ॲप्लिकेशन आपला संसार पाठीवर घेऊन फिरतंय. बाहेरून आलेली रिक्वेस्ट आत पोचवायची आणि उत्तर बाहेर न्यायचं, एवढंच त्याला सर्व्हरकडून हवंय.

उलट लिब जवळजवळ रिकामं निघालं आणि कोडमध्ये मात्र ईजेबी, जेएमएस, जेएनडीआय या सर्व्हरने पुरवायच्या सोयींची नावं जागोजागी दिसली, तर समजायचं की हे ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जिवावर जगतंय. त्याला कुठल्याही सर्व्हरवर नेऊन ठेवता येणार नाही.

तुलनेचे तक्ते मी वाचतो, पण त्यांच्यावर फारसा विसंबत नाही. पन्नास रकाने, सगळीकडे बरोबरच्या खुणा. त्यातले आपल्याला लागणारे रकाने तीन-चार असतात, आणि ते नेमके कोणते हे तक्ता सांगत नाही. ते लिब फोल्डर सांगतं.

सर्व्हर मुळात करतो काय

साधा जावा प्रोग्राम चालू करायला 'मेन' ही मेथड लागते. वेब ॲप्लिकेशनमध्ये ती नसते. मेन असते सर्व्हरची. तो चालू होतो, एखादा पोर्ट उघडून बसतो (टॉमकॅट ८०८० वर, वेबलॉजिक ७००१ वर), आलेला एचटीटीपीचा मजकूर वाचतो, त्याचं जावाच्या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करतो आणि एका थ्रेडच्या (एका वेळी एक काम करणाऱ्या धाग्याच्या) हाती देऊन म्हणतो, जा, या पत्त्याचा सर्व्हलेट शोध आणि त्याला दे. सर्व्हलेट म्हणजे आपला कोड. हे एवढंच काम जो करतो त्याला सर्व्हलेट कंटेनर म्हणतात. टॉमकॅट आणि जेट्टी ही त्यातली ठळक नावं.

मग 'पूर्ण' ॲप्लिकेशन सर्व्हर ही भानगड आली कुठून? नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांना मोठे व्यवहार जावात लिहायचे होते, पण आज ज्या लायब्रऱ्या आपण एका ओळीत ओढून आणतो त्या तेव्हा नव्हत्या. कनेक्शन पूल, व्यवहारांचं नियंत्रण, मेसेजची रांग, सुरक्षा हे सगळं प्रत्येक टीमने स्वतः लिहायचं म्हणजे वर्ष त्यातच जायचं. सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई १.२ हा नियमांचा गठ्ठा आणला. त्याची कल्पना अशी: ही सगळी कामं कशी मागायची ते आम्ही ठरवतो, ती कशी करायची ते सर्व्हर बनवणारे ठरवतील, आणि एकदा लिहिलेलं ॲप्लिकेशन कुठल्याही सर्व्हरवर चालेल. यातलं शेवटचं वाक्य कागदावर फार छान दिसलं.

वेबलॉजिक १९९८ मध्ये बीईए या कंपनीने घेतला आणि २००८ मध्ये बीईएसकट तो ऑरॅकलकडे गेला. आयबीएमचा वेबस्फिअर १९९८चाच. जेबॉस १९९९ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून सुरू झाला, २००६ मध्ये रेड हॅटने तो घेतला. त्याच्या मोफत आवृत्तीला आता वाइल्डफ्लाय म्हणतात आणि सपोर्टसकट विकली जाते ती जेबॉस ईएपी. टॉमकॅटचा मूळ कोड सनचा. १९९९ मध्ये त्यांनी तो अपाचे या मुक्त स्रोत संस्थेला देऊन टाकला. ग्लासफिशही सनचाच, पण ऑरॅकलने २०१३ मध्ये त्याचा व्यावसायिक सपोर्ट थांबवण्याचं जाहीर केलं आणि त्यातून पुढे पयारा हा फाटा निघाला. सर्व्हर बघताना वंशावळीकडेही बघावं ते यासाठी. सॉफ्टवेअर तेच राहतं, घर बदलतं, आणि घर बदललं की करारही बदलतात.

जिथे मोठा सर्व्हर खरंच कामाचा आहे

मोठ्या सर्व्हरची चेष्टा करणं सोपं आहे. मीही केलेली आहे. पण एक काम ते असं करतात की ते हाताने लिहायला बसलेला माणूस बहुधा चुकतो.

समजा एक ऑर्डर आली. ती डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि गोदामाला कळवायला मेसेजच्या रांगेत एक मेसेज टाकायचा. डेटाबेस वेगळा, रांगेचं सॉफ्टवेअर वेगळं. आधी डेटाबेसमध्ये लिहिलं, कमिट केलं (म्हणजे नोंद पक्की केली), आणि मेसेज टाकायच्या आत मशीन बंद पडलं. ऑर्डर आहे, गोदामाला पत्ता नाही. क्रम उलटा करून बघा: मेसेज गेला, डेटाबेसमध्ये नोंद होण्याआधी मशीन गेलं. आता गोदामात अशा ऑर्डरचा माल बांधला जातोय जी कुठेच नोंदलेली नाही. क्रम कसाही लावा, मध्ये एक फट राहतेच.

ही फट बुजवण्याचा जुना आणि सिद्ध मार्ग म्हणजे दोन टप्प्यांचं कमिट. सर्व्हरमधला ट्रान्झॅक्शन मॅनेजर दोघांना आधी विचारतो, 'तयार आहात?' दोघं आपापली तयारी डिस्कवर लिहून 'हो' म्हणतात. मग तो स्वतःचा निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि दोघांना सांगतो, 'करा.' यातली खरी गोम त्या लॉगमध्ये आहे. दोघांचा होकार आल्यावर आणि शेवटचा हुकूम सुटण्याआधी सर्व्हर कोसळला, तर डेटाबेस आणि रांग दोघंही ताटकळत उभे राहतात, आणि डेटाबेस त्या ओळींवरचं कुलूप काढत नाही. सर्व्हर पुन्हा उठला की आपला लॉग वाचतो, अर्धवट राहिलेले व्यवहार शोधतो आणि पुरे करतो किंवा मागे फिरवतो. वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि वाइल्डफ्लाय (त्यात नारायणा नावाचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर आहे) हे काम वर्षानुवर्षं करत आलेत.

एक खोच इथे सांगतोच, कारण ती तक्त्यात सापडत नाही. हाच सर्व्हर कंटेनरमध्ये (सर्व्हलेट कंटेनर नव्हे, प्रोग्रामभोवतीचं सुटं खोकं) टाकून कुबरनेटिसवर, म्हणजे अशी खोकी अनेक मशीनवर चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालवला आणि त्याच्या डेटा फोल्डरला टिकणारी डिस्क दिली नाही, तर कंटेनर मेला की तो लॉगही जातो. नवा कंटेनर कोऱ्या पाटीने उठतो. त्याला काहीच आठवत नाही, आणि डेटाबेसमधली कुलपं तशीच राहू शकतात, कुणीतरी हाताने काढेपर्यंत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मोठा सर्व्हर घेतला तीच गोष्ट गेली.

आणि दुसरा मार्गही आहे. मेसेज रांगेत न टाकता त्याच डेटाबेसमधल्या एका वेगळ्या टेबलमध्ये लिहायचा, ऑर्डरसोबत, एकाच साध्या कमिटमध्ये. मग दुसरा एक छोटा प्रोग्राम ते टेबल वाचून मेसेज पुढे पाठवत राहतो. कधी एखादा मेसेज दोनदा जाईल, म्हणून घेणाऱ्याने 'हा आधी येऊन गेलाय का' हे तपासायचं. याला आउटबॉक्स म्हणतात. नवं काम असेल तर मी डोळे झाकून हाच मार्ग सुचवतो. पण वीस वर्षांचं जुनं, पैशांचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर दोन टप्प्यांच्या कमिटवर उभं असेल, तर 'वेबलॉजिक महाग आहे, टॉमकॅटवर जाऊ' हे वाक्य बोलण्याआधी शंभर वेळा विचार करावा.

नाव बदलून फरक पडत नाही ती जागा

अनेक वर्षांपूर्वी एका कंपनीत 'टॉमकॅटला लोड झेपत नाही, मोठा सर्व्हर घेऊ' असा निर्णय जवळपास झाला होता. लक्षणं पटण्यासारखी होती. दुपारी गर्दी वाढली की स्क्रीन नुसती फिरत राहायची. लॉगमध्ये एकही एरर नाही. सीपीयू निवांत. रिस्टार्ट केलं की दहा मिनिटं सगळं झकास. कुणालाही वाटेल की दोष टॉमकॅटचाच.

अशा वेळी आत काय होतं ते आकड्यांत बघू. टॉमकॅट कारखान्यातून येतो तो २०० थ्रेडची मर्यादा घेऊन. हिकारीच्या पूलमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त १० कनेक्शन. एक रिक्वेस्ट डेटाबेसचं कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवते असं धरा. एका कनेक्शनवर सेकंदाला २० रिक्वेस्ट, दहांवर २००. सेकंदाला १५० येत असतील तर काहीच अडचण नाही.

आता एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बिघडते. इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) नाही, टेबल वाढत गेलंय, आणि ५० चे ५०० मिलिसेकंद होतात. दहा कनेक्शन मिळून सेकंदाला २० रिक्वेस्ट. येतायत १५०. दर सेकंदाला १३० मागे पडतात. दीड सेकंदात दोनशेच्या दोनशे थ्रेड अडकलेले असतात: दहा डेटाबेसशी बोलतायत, १९० कनेक्शनची वाट बघत उभे आहेत. त्यापुढे येणाऱ्यांना टॉमकॅट नाही म्हणत नाही. त्याची जोडण्या धरून ठेवायची मर्यादा ८१९२ आहे, तो त्या धरून ठेवतो. म्हणून स्क्रीनवर एरर येत नाही, ती नुसती फिरते. आणि उभ्या असलेल्या १९० जणांना सेकंदाला २० या गतीने साडेनऊ सेकंदांत कनेक्शन मिळतं. हिकारीची वाट बघण्याची मुदत ३० सेकंद, त्यामुळे तिथेही एरर नाही. लॉग स्वच्छ. सीपीयू रिकामा, कारण सगळे थ्रेड झोपलेत.

इथे बहुतेकांच्या हातून होते ती चूक म्हणजे थ्रेड वाढवणं. दोनशेचे आठशे केले की डेटाबेसपुढची रांग ७९० ची होते. सेकंदाला २० याच गतीने तिला जवळपास ४० सेकंद लागतात. आता मात्र ३० सेकंदांची मुदत उलटते आणि एरर यायला लागतात. आगीतून फुफाट्यात. रिस्टार्टने बरं वाटतं कारण रांगेतले सगळे हाकलले जातात. क्वेरी तशीच असते.

हे शोधायला महागडं काही लागत नाही. जेस्टॅक नावाचं साधन जेडीके या जावाच्या मूळ साधनपेटीसोबतच येतं. प्रोसेसचा नंबर देऊन ते चालवलं की प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर उभा आहे ते छापून मिळतं. पाच-पाच सेकंदांनी तीन वेळा घ्यायचं. तिन्हींमध्ये दीडशे-दोनशे थ्रेड 'गेट कनेक्शन' या एकाच ओळीवर दिसले की तपास संपला. त्या कंपनीत झालं ते इतकंच: एक इंडेक्स घातला. मोठ्या सर्व्हरची खरेदी बारगळली, आणि ज्यांनी प्रस्ताव मांडला होता ते माझ्याशी काही दिवस नीट बोलत नव्हते.

वेबलॉजिक इथे वेगळा वागला असता का? थोडासा. तो थ्रेडची संख्या स्वतः कमी-जास्त करत राहतो, आणि एकच थ्रेड एकाच कामावर ६०० सेकंद अडकला तर 'स्टक थ्रेड' अशी नोंद आपण होऊन लॉगमध्ये टाकतो. टॉमकॅटमध्येही तशी सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. मात्र साडेनऊ सेकंदांच्या दुखण्यावर ६०० सेकंदांची घंटा काय कामाची? डेटाबेस हळू असेल तर जगातला कोणताही सर्व्हर हळूच. जावा २१ मध्ये आलेल्या व्हर्च्युअल थ्रेडनी थ्रेड स्वस्त झाले, लाखांनी बनवता येतात. कनेक्शन तेवढीच राहतात. रांग फक्त लांब होते.

एकाच नावाचे दोन क्लास

सर्व्हर बदलताना पहिला दिवस हमखास ज्यात जातो ते प्रकरण म्हणजे क्लासलोडर, म्हणजे कोडला लागणारे क्लास शोधून आणणारा भाग. समजा आपल्या लिबमध्ये जॅक्सनची नवी आवृत्ती आहे आणि मोठ्या सर्व्हरच्या स्वतःच्या पोटातही जॅक्सन आहे, जुनी. कोडने जॅक्सनचा क्लास मागितला, तर कोणती मिळणार?

टॉमकॅट आधी ॲप्लिकेशनच्या लिबमध्ये बघतो, मग स्वतःकडे. वेबलॉजिक आणि जुना वेबस्फिअर, काही सांगितलं नाही तर, आधी स्वतःकडे बघतात. म्हणून टॉमकॅटवर गुण्यागोविंदाने चालणारी वॉर फाइल वेबलॉजिकवर ठेवली की 'अशी मेथडच नाही' म्हणून आपटते. मेथड आहे, नव्या आवृत्तीत. समोर आली ती जुनी. वेबलॉजिकमध्ये यासाठी वॉरमध्येच एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवून 'आधी माझं बघ' असं सांगता येतं, वेबस्फिअरमध्ये कन्सोलमधून क्रम उलटा करता येतो. वाइल्डफ्लायने वेगळीच वाट धरली: सर्व्हरच्या आतले भाग सुटे मॉड्यूल म्हणून ठेवले, आणि ॲप्लिकेशनला ठरावीक तेवढेच दिसतात. मला ही रचना सगळ्यांत स्वच्छ वाटते, जरी पहिल्यांदा बिघडली की तिचा एरर वाचून काही बोध होत नाही.

याच कारणाने कधीकधी लॉगमध्ये असं वाक्य दिसतं की अमुक क्लासचं रूपांतर अमुक क्लासमध्ये होत नाही, आणि दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तीच. डोळे चोळून पुन्हा वाचलं तरी तीच. जावाच्या लेखी क्लासची ओळख नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर या दोघांनी मिळून ठरते. दोन लोडरनी आणलेले एकाच नावाचे दोन क्लास म्हणजे एकाच नावाचे दोन अनोळखी लोक.

जावाएक्सचं जकार्ता झालं ते प्रकरण

२०१७ मध्ये ऑरॅकलने जावा ईई (जे-टू-ईईचंच पुढचं नाव) एक्लिप्स फाउंडेशन या मुक्त स्रोत संस्थेच्या हवाली करायचं ठरवलं. २०१८ मध्ये नवं नाव आलं, जकार्ता ईई. पण जावा या नावाचा ट्रेडमार्क ऑरॅकलकडेच राहिला आणि 'जावाएक्स' ने सुरू होणाऱ्या पॅकेजमध्ये (क्लासच्या गटांमध्ये) पुढे बदल करण्याबाबत दोघांचं जमलं नाही. म्हणून डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ती सगळी नावं 'जकार्ता' अशी झाली. नवी सोय जवळपास काहीच नाही. फक्त नावं. आणि त्या एका बदलाने जुनी वॉर आणि नवा सर्व्हर यांची फारकत झाली.

टॉमकॅट ९ पर्यंत जुनी नावं, १० पासून नवी. स्प्रिंग बूट ३ (स्प्रिंगची झटपट चालू होणारी मांडणी, तिच्याबद्दल पुढे), जो नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तोही नवीच नावं मागतो आणि किमान जावा १७. जुनी वॉर टॉमकॅट १० वर ठेवली तर काय होतं हे एकदा मुद्दाम करून बघावं. सर्व्हलेटची नोंद ॲनोटेशनने (कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने) केलेली असेल तर डिप्लॉय व्यवस्थित होतं, लॉगमध्ये तक्रार नाही, आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. टॉमकॅट नव्या नावाचं ॲनोटेशन शोधतोय, कोडमध्ये जुन्या नावाचं आहे, त्याच्या दृष्टीने तिथे सर्व्हलेटच नाही. (टॉमकॅट १० मध्ये 'वेबॲप्स-जावाईई' नावाच्या फोल्डरमध्ये जुनी वॉर टाकली तर तो स्वतः नावं बदलून घेतो. तात्पुरती सोय म्हणून चांगली आहे.)

आणि कोडमध्ये सरसकट शोधा-बदला करू नका. डेटासोर्सचं 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हे पॅकेज जेडीकेचा भाग आहे, त्याचं नाव बदललेलंच नाही. त्याहून मजा म्हणजे ट्रान्झॅक्शनची: 'जावाएक्स डॉट ट्रान्झॅक्शन' बदललं, पण त्याच्याच पोटातलं, दोन टप्प्यांच्या कमिटसाठीचं 'एक्सए' हे पॅकेज जेडीकेत असल्यामुळे जुन्या नावानेच राहिलं. ज्याने हे आधी वाचलेलं नसतं त्याची संध्याकाळ त्यात जाते.

तुलनेच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. 'टॉमकॅट की वाइल्डफ्लाय' च्या आधी 'जुनी नावं की नवी' हे ठरवा. जुन्या नावांवर राहायचं असेल तर पर्याय दरवर्षी आक्रसत जाणार. टॉमकॅट ८.५ च्या दुरुस्त्या मार्च २०२४ नंतर बंद झाल्या.

मग सर्व्हरच गायब झाला

२०१४ मध्ये स्प्रिंग बूट १.० आला आणि मांडणी उलटी झाली. सर्व्हरमध्ये ॲप्लिकेशन ठेवण्याऐवजी ॲप्लिकेशनमध्येच टॉमकॅट. एक जार, एक कमांड, चालू. यावर 'आम्ही आता ॲप्लिकेशन सर्व्हर वापरत नाही' असं म्हणणारे भेटतात. वापरता हो, फक्त तो लिबमध्ये जाऊन बसलाय. ते २०० थ्रेड तिथेही आहेत.

मोठ्या सर्व्हरचं दुसरं बलस्थान म्हणजे अनेक मशीनची मोट बांधणं. वेबलॉजिकमध्ये एक ॲडमिन सर्व्हर असतो आणि त्याच्या हाताखाली काम करणारे मॅनेज्ड सर्व्हर. ॲडमिन बंद पडला तरी चालू असलेले मॅनेज्ड सर्व्हर रिक्वेस्ट घेत राहतात, हे नव्या माणसाला पटवून द्यावं लागतं. वेबस्फिअरमध्ये हेच डिप्लॉयमेंट मॅनेजर आणि नोड एजंट या नावांनी. एका कन्सोलमधून चाळीस मशीनवर एकाच वेळी नवी आवृत्ती चढवता येणं ही त्या काळी खरंच मोठी गोष्ट होती. आज तेच काम कुबरनेटिस करतं, आणि जावाखेरीज बाकी सगळ्यांसाठीही करतं. दोन्ही एकत्र वापरले की एकाच संसारात दोन कारभारी होतात: पडलेल्याला उठवायचं कुणी, यावर दोघांची ओढाताण.

पूर्ण सर्व्हरवाल्यांनीही हे ओळखलं. आयबीएमने ओपन लिबर्टी २०१७ मध्ये मुक्त केला. त्यात लागतील तेवढीच फीचर एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहायची, बाकीची मेमरीत येतच नाहीत. जकार्ताच्या मानकांवर राहायचं आहे पण जुन्या वेबस्फिअरचं ओझं नको, अशा टीमला मी पहिलं नाव लिबर्टीचं सांगतो. जुना वेबस्फिअर ९ जावा ८ आणि जावा ईई ७ वरच राहिलाय. तिथे नवं काम सुरू करण्यात अर्थ नाही. वाइल्डफ्लायचीही बूटेबल जार (सर्व्हरसकट एकच जार) बनते. क्वार्कस हा रेड हॅटनेच सुरू केलेला जावा फ्रेमवर्क, तो बरंचसं काम बिल्डच्या वेळी उरकून घेतो म्हणून झटक्यात उठतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पॅच कुणी मारायचा

फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची त्रुटी उघड झाली. टॉमकॅट ८००९ या पोर्टवर एजेपी नावाचा एक प्रोटोकॉल मूळ सेटिंगमध्येच उघडा ठेवायचा; तो बाहेरून पोचण्यासारखा असेल तर ॲप्लिकेशनमधल्या फाइल वाचता यायच्या. बहुतेकांना तो पोर्ट उघडा आहे हेच माहीत नव्हतं. दुरुस्ती सर्व्हरची, सर्व्हरची आवृत्ती बदलली की झालं.

डिसेंबर २०२१ ची लॉगफोरशेल वेगळी. ती लॉगफोरजे या लायब्ररीतली. ती लायब्ररी कुठे होती? बहुतेक ठिकाणी वॉरच्या लिब फोल्डरमध्ये. सर्व्हर कितीही महाग असो, त्याच्या पॅचने ती जाणार नव्हती; प्रत्येक वॉर पुन्हा बांधावी लागली. संसार पाठीवर घेऊन फिरण्याची किंमत ती ही. मोठ्या सर्व्हरवर पातळ वॉर (लायब्रऱ्या सर्व्हरकडूनच घेणारी) असेल तर एका पॅचने पंधरा ॲप्लिकेशनं दुरुस्त होतात. जाड वॉर असेल तर पंधराही आपणच बांधायच्या. हे काम आपोआप होईल अशी बिल्डची व्यवस्था नसेल, तर पातळ वॉरवाल्यांना हसू नये.

पैशांचं थोडक्यात: टॉमकॅट, जेट्टी, वाइल्डफ्लाय, ओपन लिबर्टी यांना लायसन्सचे पैसे नाहीत, हवा तर सपोर्ट विकत मिळतो. वेबलॉजिक आणि वेबस्फिअरचा हिशेब बहुतेकदा प्रोसेसरच्या कोअरवर होतो. व्हर्च्युअल मशीनवर चालवणार असाल तर कोअर कुणाचे मोजायचे, त्या व्हर्च्युअल मशीनचे की खालच्या अख्ख्या मशीनचे, हे कराराच्या भाषेतून सही करण्याआधी काढून घ्या.

नव्या कामासाठी माझं मत विचारलं तर: स्प्रिंग वापरत असाल तर बूट आणि आतला टॉमकॅट, विषय संपला. जकार्ताची मानकं हवी असतील तर लिबर्टी किंवा वाइल्डफ्लाय. वेबलॉजिक नव्याने घ्यायचं कारण मला एकच पटतं, ते म्हणजे जे विकतचं सॉफ्टवेअर तुम्ही घेताय ते फक्त त्याच्यावरच चालतं.

आणि आधीच वेबलॉजिकवर असाल आणि बाहेर पडायचंय, तर अंदाजपत्रक मागवण्याआधी सगळ्या कोडमध्ये 'वेबलॉजिक' हा एक शब्द शोधा. एका जुन्या, सगळ्यांना धाक वाटणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये मी हे केलं होतं. सहा महिने लागतील असं सगळे म्हणत होते. शब्द सापडला तीन फाइलींत. एकीत लॉगिंग, एकीत डेटासोर्सचं नाव, आणि तिसरा क्लास कुठूनच बोलावला जात नव्हता.